फाशांवर रंगलेली गोष्ट कागदावर का विरते?

१९८९ साली फेरून नावाच्या काल्पनिक खंडावरचे सगळे मारेकरी एका दमात मेले. पैसे घेऊन खून करणारे, अंधाऱ्या बोळांत दबा धरणारे, राजवाड्यांच्या भिंती चढणारे, झाडून सगळे. 'टॅन्ट्रास' या कादंबरीत बेन नावाच्या दुष्ट देवाला टॉर्म या दुसऱ्या देवाशी लढायला बळ हवं असतं, म्हणून तो त्यांचे प्राण शोषून घेतो. हे झालं कथेतलं कारण. खरं कारण होतं अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात, एका कंपनीच्या कचेरीत. तिथे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या नियमपुस्तकाची दुसरी आवृत्ती तयार झाली होती आणि तिच्यात 'मारेकरी' हा पात्रप्रकार ठेवायचा नाही असं ठरलं होतं. नियमांतून मारेकरी गेले, म्हणून कादंबरीतूनही त्यांना घालवावं लागलं.

कॉलेजात असताना जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात मला 'टॅन्ट्रास' ज्या मालिकेत येते तिचे तिन्ही भाग एकत्र मिळाले होते. नियमपुस्तकाची भानगड तेव्हा मला ठाऊक नव्हती. वाचताना एवढंच जाणवत राहिलं की इथे इतकी माणसं मरताहेत आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाहीये. पुढे मी स्वतः हा खेळ खेळायला लागले, मनापासून त्याच्या प्रेमात पडले, आणि मग हा प्रश्न जास्तच छळायला लागला. टेबलावर बसून जो खेळ आम्हाला रात्रीचे दोन वाजवायला लावतो, त्यावरच्या कादंबऱ्या इतक्या वेळा निराश का करतात?

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी खेळाबद्दल. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते, आणि टीएसआर ही गायगॅक्सने सहकाऱ्याबरोबर काढलेली प्रकाशन कंपनी. त्याआधी ही मंडळी टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळत. त्यातूनच कल्पना निघाली की प्रत्येकाने अख्खी फौज चालवण्याऐवजी एकच माणूस चालवावा. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा सूत्रधार. तो सांगतो, "दार किरकिरत उघडतं, आत अंधार आहे, कुजल्याचा वास येतोय." बाकीचे आपापल्या पात्रातर्फे सांगतात, की मी मशाल पेटवते, मी मागे थांबतो, मी आत दगड फेकून बघतो. जमेल की नाही अशी शंका असली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो, त्यावर ताकद, बुद्धी, चपळाई, शस्त्रं, मंत्र असं सगळं आकड्यांत लिहिलेलं. सुरुवातीच्या काळात मुख्य पात्रप्रकार चार होते: लढवय्या, मांत्रिक, पुजारी आणि चोर. इथे कुणी जिंकत नाही, हरत नाही. हीच गोष्ट महिनोन्महिने चालते, कधी वर्षानुवर्षं. सूत्रधाराला स्वतः गोष्ट रचायची नसेल तर तयार साहसांच्या पुस्तिका विकत मिळतात. त्यांना मॉड्यूल म्हणतात.

आमची रविवारची टोळी पुण्यात एका मित्राच्या घरी जमायची. एकदा आमच्यातल्या एकाचं पात्र तुटक्या पुलावर सापडलं. अंगात जीव दोन गुणांचा, मागे तीन ओगर, म्हणजे धिप्पाड नरभक्षक राक्षस, पलीकडे आम्ही. त्याने उडी मारतो म्हणून सांगितलं आणि फासा टाकला. वीस पडले. आम्ही इतके ओरडलो की वरच्या मजल्यावरचे काका चौकशीला खाली आले. घरी गेल्यावर मी तो सगळा प्रसंग आईला सांगितला, पूल, ओगर, फासा, वीस. तिने भाजी निवडता निवडता शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तो एवढा पळत का होता? घरी कोण वाट बघत होतं त्याची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या कागदावर घरच्यांसाठी रकानाच नव्हता.

माझ्या मते या सगळ्या कादंबऱ्यांचं दुखणं आईच्या त्या प्रश्नात आहे. टेबलावर आम्हाला तो प्रश्न पडत नाही, कारण पुलावर उभं असलेलं पात्र आमच्या शेजारी बसलेला, घाम फुटलेला मित्र असतो. त्याच्यावर आमची माया आधीच आहे. शिवाय पुढे काय होणार हे सूत्रधारालाही माहीत नसतं. फासा घरंगळत थांबेपर्यंतचा तो क्षण खरोखर मोकळा असतो. कादंबरीत हे दोन्ही नाही. पात्राशी आपली ओळख नाही, आणि उडी जमणार की फसणार हे लेखकाने ठरवून ठेवलेलं आहे, हे वाचकालाही पक्कं माहीत आहे. खेळ तसाच्या तसा कागदावर उतरवला की मित्र आणि फासा दोन्ही निघून जातात. उरतात पूल आणि ओगर.

भर म्हणून नियमही कथेत शिरतात. हिट पॉइंट घ्या. पात्रात किती जीव शिल्लक आहे ते सांगणारा हा आकडा. पात्र अनुभवी होत जातं तसा तो वाढतो. जुन्या नियमांत उंचावरून पडल्यावर दर दहा फुटांना एक सहा बाजूंचा फासा इतकी इजा होते, आणि फार तर असे वीस फासे. वीस फाशांची सरासरी येते सत्तर. म्हणजे ऐंशी हिट पॉइंटांचा लढवय्या कितीही उंच कड्यावरून पडला तरी बहुतेक वेळा उठून, कपडे झटकून चालू लागतो. टेबलावर हे चालून जातं, कारण खेळ पुढे जायला हवा असतो आणि महिनाभर जपलेलं पात्र एका पडण्यात गमवायची कुणाचीच इच्छा नसते. कादंबरीत मात्र त्यानंतर कुठलाच कडा उंच राहत नाही.

मरणाचंही तेच. अनुभवाच्या नवव्या पातळीला पोचलेल्या पुजाऱ्याला मेलेल्याला उठवण्याचा मंत्र मिळतो. आता ज्या जगात बऱ्यापैकी मोठ्या शहरात असा एखादा पुजारी सापडतो, तिथे कुणाच्या चितेपाशी उभं राहून वाचकाने का रडावं? लेखकापुढे दोनच वाटा राहतात. एकतर नियम विसरल्यासारखं करायचं, मग खेळणारे वाचक हटकतात. नाहीतर प्रत्येक मरणाच्या वेळी पुजारी का उपलब्ध नाही याचा खुलासा करत बसायचं. या मालिकांमधले कितीतरी परिच्छेद अशा खुलाशांत खर्ची पडले आहेत. मंत्रांचीही तीच तऱ्हा. मांत्रिकाने सकाळी मंत्र पाठ करायचा आणि तो वापरताक्षणी स्मरणातून पुसला जायचा, ही कल्पना मुळात जॅक व्हान्स या लेखकाची, १९५० सालच्या त्याच्या कथांमधली. त्याच्याकडे ती विलक्षण वाटते, कारण त्याचं जगच म्हातारं, विसराळू, विझत चाललेलं आहे. खेळाने ती उचलली ती हिशेबाच्या सोयीसाठी, म्हणजे मांत्रिकाने दिवसाला किती मंत्र टाकावेत यावर मर्यादा राहावी म्हणून. मग खेळावरच्या कादंबऱ्यांनी तोच हिशेब परत कथेत आणला. कथेतून खेळात आणि खेळातून कथेत असा प्रवास होईपर्यंत त्या कल्पनेतली खिन्नता वाटेतच सांडली.

आता परत १९८९ कडे. 'शॅडोडेल', 'टॅन्ट्रास', 'वॉटरडीप' या तीन कादंबऱ्यांना मिळून अवतार त्रयी म्हणतात. फॉरगॉटन रेल्म्स या जगात ती घडते. हे जग एड ग्रीनवुड या कॅनडातल्या माणसाने लहानपणापासून मनाशी रचत आणलं होतं, तेही हा खेळ जन्माला येण्याच्या आधीपासून. १९८७ मध्ये टीएसआरने ते प्रकाशित केलं, आणि दोनच वर्षांत नियमांची दुसरी आवृत्ती आली. मंत्रांचे नियम बदलले, मारेकरी गेले. आता पुस्तकातले नियम बदलल्यावर काल्पनिक जगातल्या लोकांना तो बदल कसा कळणार? कळायची काही गरज नव्हती असं मला आजही वाटतं. क्रिकेटचे नियम बदलले म्हणून कुणी जुन्या सामन्यांच्या कथा नव्याने लिहीत नाही. पण कंपनीने ठरवलं की जगात एक महाप्रलय घडवायचा आणि सगळे बदल त्याच्या माथी मारायचे.

म्हणून एओ नावाचा देवांचाही देव चिडतो. बेन आणि मिर्कूल या दोन देवांनी त्याच्या दैवाच्या पाट्या चोरलेल्या असतात. शिक्षा म्हणून तो एक हेल्म सोडून बाकी सगळ्याच देवांना मर्त्य देहात पृथ्वीवर ढकलतो. जादू बेभरवशाची होते. जादूची देवी मिस्ट्रा परत वर जायला निघते तेव्हा हेल्म हा पहारेकरी देव तिला स्वर्गाच्या जिन्यावरच मारून टाकतो. कल्पना म्हणून हे भव्य आहे. देव रस्त्यावर भटकताहेत, भुकेले होताहेत, घाबरताहेत. आपल्याकडे अवतार या शब्दाला केवढा अर्थ आहे! देवाने देह धरला की त्याला देहाचे भोग चुकत नाहीत, हे आपण कीर्तनांतून लहानपणापासून ऐकत आलो. माझी अपेक्षा या शब्दामुळेच फार वाढली होती.

पण या प्रलयातून वाट काढणारे चार नायक कोण? मिडनाइट ही मांत्रिक, केलेमव्होर हा लढवय्या, सिरिक हा चोर आणि एडॉन हा पुजारी. वर सांगितलेले चार पात्रप्रकार, प्रत्येकी एक. खेळाच्या टेबलावर अशी टोळी जमवतात, कारण प्रत्येकाला काहीतरी वेगळं काम मिळायला हवं. कादंबरीत ती तशीच्या तशी आली की वाचकाला माणसांच्या जागी रकाने दिसू लागतात. तिन्ही पुस्तकांवर लेखक म्हणून रिचर्ड ऑलिन्सन हे नाव आहे, आणि या नावाचा माणूसच नाही. पहिली दोन पुस्तकं स्कॉट सिएन्सिनने लिहिली, तिसरं ट्रॉय डेनिंगने. नाव कंपनीचं. तिन्ही पुस्तकं एकाच वर्षात बाहेर पडली. मी या लेखकांना दोष देत नाही. कोण जगणार, कोण देव होणार, कुठली देवी मरणार हा शेवट त्यांच्या हातात कंपनीच्या गरजेने बांधून आलेला होता. त्यांना उरलेली मोकळीक होती ती दोन ठरलेल्या प्रसंगांच्या मधल्या वाटचालीची, आणि म्हणूनच त्या पुस्तकांत चालणं फार आहे.

नुकसान उलट्या बाजूनेही झालं. याच कथेवर त्याच वर्षी त्याच नावांची तीन मॉड्यूल निघाली. खेळणाऱ्यांनी ती टेबलावर आणली आणि बघतात तर काय, महत्त्वाचं सगळं काम मिडनाइट आणि तिचे सोबतीच करणार, कारण कादंबरीत तसं छापलेलं होतं. खेळाडूंनी फक्त सोबत चालायचं आणि देवांची भांडणं बघायची. जो खेळ 'तुम्ही काय करता?' या एका प्रश्नावर उभा आहे, त्यातून तो प्रश्नच काढून घेतला गेला.

मग टीएसआरने हे करावंच का? कारण पाच वर्षांपूर्वी असाच एक प्रयोग त्यांना भरभरून फळला होता. नोव्हेंबर १९८४ मध्ये मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची 'ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट' आली. ड्रॅगनलान्स मालिकेतली ही पहिली कादंबरी, मॉड्यूलच्या बरोबरीने लिहिलेली. खरं सांगायचं तर ती वाचतानाही मॉड्यूलचा सांगाडा हाताला लागतो. मोहिमेवर निघालेले आठ जण, मग झॅक त्सारॉथचे भग्नावशेष, मग पॅक्स थार्कसचा किल्ला, एक खोली संपली की दुसरी. तरी ती पकडते. का, ते मला बऱ्याच उशिरा उमगलं. या जगात देव तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी माणसांना सोडून गेलेले आहेत. खरे पुजारी उरलेले नाहीत, त्यामुळे जखमा भरून काढणारं कुणी नाही आणि मेलेल्याला उठवणारंही नाही. लेखकांनी गोष्टीसाठी नियमालाच हात घातला. म्हणून पुढच्या 'ड्रॅगन्स ऑफ विंटर नाइट'मध्ये स्टर्म ब्राइटब्लेड बुरुजावर एकटा उभा राहतो, आणि ड्रॅगनवर बसून त्याला मारायला येणारी त्याच्या जुन्या ओळखीची किटियारा असते, तेव्हा तो मरतो आणि मेलेलाच राहतो. ती पानं मी दोनदा वाचली आहेत आणि दोन्ही वेळा थोडा वेळ पुस्तक मिटून बसले.

दुसरं उदाहरण रेस्टलिनचं. नियमांनुसार सुरुवातीचा मांत्रिक फार नाजूक असतो, एका फटक्यात जाईल असा. वाइस-हिकमननी त्या कमी हिट पॉइंटांचा माणूस केला. जादूच्या परीक्षेत शरीर कायमचं मोडलेला, खोकल्याने बेजार, आणि धडधाकट जुळ्या भावाच्या आधारावर जगावं लागतं म्हणून आतून जळणारा. त्याचा तो कुजबुजता, घोगरा आवाजही टेबलावरून आलेला. सुरुवातीला खेळून बघताना ज्याच्याकडे हे पात्र होतं, त्याने तो आवाज काढला आणि खोली गप्प झाली. टेबलावरून कागदावर न्यायची गोष्ट ती होती, आवाज. १९८६ च्या पुढच्या त्रयीत या दोन भावांची गोष्ट कुठल्याही मॉड्यूलची पायवाट न धरता लिहिली गेली, आणि माझ्या मते या सगळ्या पसाऱ्यातलं उत्तम लेखन तेच.

ड्रॅगनलान्स लाखोंनी खपली आणि कंपनीला कळलं की खेळापेक्षा कादंबरी जास्त घरांत पोचते. तिथून कारखाना सुरू झाला. पात्रांची आणि जगाची मालकी कंपनीची, लेखक कामापुरता. १९८८ च्या 'द क्रिस्टल शार्ड'च्या वेळी आर. ए. साल्व्हातोरे याला संपादिकेचा फोन आला, की नायकाला लगेच एक सोबती हवा. त्याने फोनवरच एक काळा एल्फ, म्हणजे परीकथांमधल्या माणसासारख्या एका जमातीतला जण, सुचवला. तोच ड्रिझ्ट, या जगातलं सगळ्यात लोकप्रिय पात्र. इतक्या घाईतही कधी असं सोनं हाती लागतं, पण घाई नेहमीच अशी पावत नाही. अमेरिकेत दुकानदार न खपलेली पुस्तकं प्रकाशकाला परत पाठवू शकतात. नव्वदच्या दशकात टीएसआर पुस्तकांमागून पुस्तकं काढत राहिली, आणि मग न खपलेले गठ्ठे परत आले. १९९७ मध्ये कर्जात बुडालेली टीएसआर विझार्ड्स ऑफ द कोस्ट या दुसऱ्या खेळ-कंपनीने विकत घेतली.

मालक बदलले, सवय तीच राहिली. २००८ मध्ये खेळाची चौथी आवृत्ती आली आणि फेरूनवर पुन्हा प्रलय कोसळला. जादूची देवी पुन्हा मारली गेली, दिनदर्शिका सुमारे शंभर वर्षं पुढे सरकवली गेली. त्या उडीत वाचकांनी वीस वर्षं ज्यांच्यावर जीव लावला ती माणूस जातीची पात्रं मागे पडली. पाचवी आवृत्ती जवळ आल्यावर, २०१३ पासून, 'द संडरिंग' नावाच्या सहा कादंबऱ्या सहा लेखकांकडून लिहून घेतल्या आणि आधीचं बरंचसं परत फिरवलं. साल्व्हातोरेने आपली गेलेली पात्रं पुनर्जन्म देऊन परत आणली. त्याच्या जागी मी असते तर मीही आणली असती. पण वाचक म्हणून मला त्यानंतर कुणाच्याही मरणाची धास्ती वाटेनाशी झाली.

जपानमध्ये हीच वाट वेगळ्या रीतीने चालली गेली. १९८६ मध्ये 'कॉम्प्टिक' या मासिकात एका टोळीच्या खेळाचा वृत्तांत संवादरूपात छापून येऊ लागला, खेळाडूंच्या बोलण्यासकट. त्याला रिप्ले म्हणत. सूत्रधार होता र्‍यो मिझुनो. फाशाची धाकधूक, चुकलेले डाव, मित्रांची थट्टा हे सगळं वाचकांना त्या रिप्लेमध्येच मिळालं. १९८८ मध्ये मिझुनोने त्याच जगावर 'रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर' ही कादंबरी लिहिली, तेव्हा तिला खेळ दाखवायचं ओझं नव्हतं.

आणि तरीही अवतार त्रयी मी टाकून दिलेली नाही. तिच्यात एडॉन आहे. सूनी या सौंदर्याच्या देवीचा तो पुजारी, देखणा आणि आपल्या देखणेपणाचा मोठा अभिमान असलेला. पहिल्याच पुस्तकात त्याच्या चेहऱ्यावर वार होतो. एरवी एका प्रार्थनेने जखम भरली असती, पण देव खाली पडलेले आहेत, प्रार्थना पोचत नाहीत, आणि व्रण कायमचा राहतो. त्याला नियम बदलल्याचं माहीत नाही, एओ चिडल्याचंही त्याला काही नाही. त्याला एवढंच वाटतं की आपल्या हातून काहीतरी घडलं आणि देवीने तोंड फिरवलं. तो बोलेनासा होतो. सोबती पुढे चालत राहतात, तो मागून येतो, हात सारखा गालाकडे जातो. नियमपुस्तकातल्या एका बदलाचा इतका खरा अर्थ त्या तिन्ही पुस्तकांत दुसरीकडे कुठे सापडत नाही. आईला ती गोष्ट मी परवा एडॉनपुरती सांगितली. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि विचारलं, "मग? तिने परत बघितलं का त्याच्याकडे?"